चांगलं गेलेलं एक वर्ष

कागदावर आठ या आकड्याखाली माझ्या भावाने निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'बाबांनी वर्षभर सोडली. घर शांत. चांगलं वर्ष.' मी ते एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझ्या हातात हिरवं पेन होतं आणि त्याचं टोपण मी नुकतंच काढलं होतं. ते मी परत लावलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते. खोलीत आम्ही पाच जण होतो. पंख्याच्या वाऱ्याने कागदाचं टेबलाबाहेर लोंबणारं टोक सारखं उडत होतं, म्हणून भावजयीने ते एका हाताने धरून ठेवलं होतं. आई तिच्या लाल पेनाने सोळाव्या वर्षापाशी काहीतरी लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. माझ्या छातीत जे झालं ते कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. मी मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजले. एकशे आठ. ही माझी जुनी सवय आहे. काही मोजता आलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात गुरुवार हा घरच्यांचा दिवस असतो. पेशंटचं आयुष्य एका लांब कागदावर मांडायचं, ही पद्धत इथल्या समुपदेशकांनी स्वतः काढलेली. ते पूर्वी जमिनीच्या मोजणीचं काम करायचे. चौदा वर्षांपूर्वी स्वतःच पेशंट म्हणून इथे आले, सुटले, आणि मग इथेच नोकरीला लागले. "बांध कुठे होता ते आधी बघायचं, भांडण नंतर," असं ते प्रत्येक घराला सांगत असणार, आम्हालाही सांगितलं. सामान बांधायच्या जाड पिवळट कागदाची गुंडाळी चार टेबलं जोडून त्यांवर पसरायची, मधोमध सरळ रेघ ओढायची, आणि दर वर्षाला एक वीत जागा सोडायची. माझा भाऊ छत्तीस वर्षांचा. छत्तीस विती टेबलांवर मावल्या नाहीत. त्याची शेवटची सात वर्षं, म्हणजे लग्नानंतरची जवळजवळ सगळी, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. पेशंटला निळं पेन, आईला लाल, बायकोला काळं, मला हिरवं. ज्याला जे माहीत असेल ते त्याने त्या वर्षाखाली लिहायचं. का, कशामुळे, असंही लिहायचं. दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही.

"आई, तुम्ही सोळाव्या वर्षात चार वेळा 'मित्र' लिहिलंय," समुपदेशक म्हणाले.

"चार होतेच ते," आई म्हणाली. "एकेकाचं काय लिहू? पाचवा नंतर येऊन मिळाला."

"पाचवा मीच होतो, आई," भाऊ म्हणाला. "त्यांच्या आया मला मोजायच्या."

भावजय हसली. आईसुद्धा हसणार होती, पण तिने पेन परत कागदाला टेकवलं. आईचा सिद्धांत पहिल्यापासून एकच आहे: संगत. तिचा बारक्या—घरात त्याला बारक्याच म्हणतात, आता टक्कल पडायला लागलं तरी—मुळात लोण्यासारखा होता आणि कोणीतरी येऊन त्यात बोट घातलं. भावजयीचं म्हणणं वेगळं. भाऊ लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. सत्ताविसाव्या वर्षाखाली तिने काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात. अंधार. बोलायला कोणी नाही.' तिसाव्याखाली, 'मुलगी झाली. आनंदाने प्यायला.' एकतिसाव्याखाली, 'नोकरीत डावललं. दुःखाने प्यायला.' बत्तिसाव्याखाली, 'पाहुणे आले म्हणून. पाहुणे गेले म्हणून.' आणि त्यापुढे, लोंबणाऱ्या भागात, 'कारण लिहायचं मी सोडलं.' समुपदेशकांनी ते वाचून मान हलवली. इथल्या डॉक्टरांचा सिद्धांत मेंदूचा आहे. त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी एका रंगीत चित्रावर काठी ठेवून तो समजावून सांगितला होता आणि माझ्याकडे बघून 'तुम्हाला काय सांगायचं म्हणा' असं म्हणाले होते.

मला सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं, कारण मी तेच काम करते. बावीस वर्षं मी उंदरांच्या मेंदूचे केसापेक्षा पातळ काप काढते, ते रंगवते, आणि त्यांतले ठिपके मोजते. कशामुळे एखादा जीव एकाच बाटलीकडे परत परत जातो, हा आमच्या प्रयोगशाळेचा प्रश्न. उत्तरं पुष्कळ आहेत. रक्त आहे: जुळ्यांचा अभ्यास केला तर ते दिसतं. पिंजरा आहे: एकट्या ठेवलेल्या उंदराला जे लागतं ते भरल्या पिंजऱ्यातल्या उंदराला तितकं लागत नाही. बालपण आहे, भीती आहे, कोवळ्या वयात काय पोटात गेलं ते आहे, आणि बाटली किती हाताशी आहे हेही आहे. यातला प्रत्येक सिद्धांत खरा आहे, म्हणजे प्रत्येकाच्या बाजूने आकडे आहेत. पण ते आकडे हजारांचे असतात. हजारांतून एक माणूस वेगळा काढून टेबलापाशी बसवला, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेपून वाकडी झालेली असली, आणि तो आपल्याकडे बघून 'ताई' म्हणाला, की ते आकडे त्याच्याबद्दल काहीच बोलत नाहीत. हे मला नीट माहीत आहे. तरीही चार वर्षांपूर्वी, एका इमारतीच्या जिन्यात, बंद लिफ्टच्या दाराशी, त्याने मला विचारलं होतं, "खरं सांग, रक्तात असतं का गं हे?" आणि मी घाईत होते, मी म्हणाले, "साधारण अर्धं." अर्धं म्हणजे काय, ते सांगायला दहा मिनिटं लागली असती. लोकांमधला फरक अर्धा. तुझ्यातलं अर्धं नव्हे. मी ती दहा मिनिटं दिली नाहीत. त्याने ते 'अर्धं' खिशात घातलं आणि तेव्हापासून तो ते बाळगून आहे.

त्या दिवशी त्याचे अठ्ठावीस दिवस पूर्ण होत होते. टेबलाच्या कोपऱ्यात दोन फॉर्म ठेवले होते आणि त्यांवर पाण्याचा ग्लास. एक, पुढचे दोन महिने इथे राहण्याचा. दुसरा, स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाण्याचा. कोणता भरायचा ते पेशंटने ठरवायचं, इथे कोणाला डांबून ठेवत नाहीत. मागच्या वेळी तो विसाव्या दिवशी घरी गेला होता. पाचव्या दिवशी तो एका लिफ्टच्या टपावर पिऊन बसला होता, खाली कोणीतरी बटण दाबलं, आणि लिफ्ट चालू झाली. दोन बोटांवर निभावलं. भावजयीने तेव्हा आरडाओरडा केला नाही. तिने एवढंच सांगितलं की पुन्हा असं झालं तर ती मुलीला घेऊन तिच्या भावाकडे जाईल, आणि परत येणार नाही. ती बोलते तसं करते. मुलगी सहा वर्षांची आहे.

"आता मी बोलू?" भाऊ म्हणाला. त्याने दाढी केली होती, शर्टाची बटणं वरपर्यंत लावली होती. त्याचा चेहरा इतका स्वच्छ मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. "सर, तुम्ही म्हणालात ना, कागदावर काय दिसतंय ते बघ. मी दोन दिवस बघतोय. हे बघा." त्याने आठव्या वर्षावर बोट टेकवलं. "माझे वडील. रोजचे पिणारे. कुठलं केंद्र नाही, डॉक्टर नाही, गोळ्या नाहीत. एक दिवस सोडली ती वर्षभर सोडली. ताई, तूच म्हणालीस ना, अर्धं रक्तात असतं? मग पिणं रक्तात असेल तर सोडणंही रक्तातच असणार की. त्यांना घरी बसून जमलं, मला का नाही जमणार?"

"वडिलांनी पुढच्या वर्षी परत सुरू केली, असंही तूच लिहिलंयस," समुपदेशक म्हणाले.

"हो. पण तीनशे पासष्ट दिवस, सर. मला तेवढे द्या. पुढचं पुढे बघू. मी घरी जातो. ही आहे, पोरगी आहे." त्याने बायकोकडे बघितलं. तिने कागदाचं टोक सोडलं नाही, पण तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेलेला मी पाहिला. तिलाही ते वर्ष हवं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला तिच्या सासऱ्यांबद्दल काही चांगलं ऐकायला मिळालं होतं.

समुपदेशक आईकडे वळले. "आई, खरंय का हे? त्या वर्षी बंद केली होती त्यांनी?"

आईने पेनाचं टोपण शोधलं. ते तिच्या समोरच होतं. "असेल," ती म्हणाली. "मला मेलीला वर्षं कुठे आठवतात. केली असेल."

बाबा वारून सतरा वर्षं झाली. म्हणजे आता त्या वर्षाबद्दल जी सांगू शकेल अशी मी एकटीच उरले होते.

मी सतरा वर्षांची होते, तो आठ. शाळेचं माझं शेवटचं वर्ष. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई-बाबा, मागच्या खोलीत आम्ही दोघं, मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचणारी. बाबा आठाच्या सुमारास यायचे. ते मारायचे नाहीत. ते भाषण करायचे, आणि त्यांच्या तक्रारींना क्रमांक असायचे. "एक नंबर," ते म्हणायचे, आणि मग आईच्या माहेरचं काहीतरी. "दोन नंबर." आवाज चढत जायचा. पाच नंबरच्या पुढे भांड्यांवर हात जायचा. भाऊ पांघरुणात बोटं मोजायचा. सहाव्याला दुसरा हात सुरू करायचा आणि तो हात मला लागायचा, थंडगार. "ताई, किती होतील आज?" तो विचारायचा. "ताई, दहाच्या पुढे गेले तर काय करायचं?" मी दिव्याखाली वही धरून बसलेली असायचे. समोरची समीकरणं मला दिसायची पण आत जायची नाहीत. त्या घरातून बाहेर पडण्याचा मला एकच रस्ता दिसत होता आणि तो त्या वहीतून जात होता. मला कोणी हे शिकवलं नव्हतं. मला ते तहान लागल्यासारखं कळत होतं. आणि बाजूला तो थंड हात.

मग त्याला खोकला झाला. डॉक्टरांनी एक लालसर, दाट औषध दिलं. त्या रात्री बाबा नऊ नंबरपर्यंत गेले, एक पातेलं जिन्यापर्यंत घरंगळत गेलं, आणि तो जागा झाला नाही. तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम. मी एका बैठकीत संपूर्ण प्रकरण वाचून काढलं. अजून मला त्या प्रकरणाची पानं दिसतात. सकाळी तो उठून म्हणाला, "काल बाबा आले नव्हते?" मी त्याच्या डब्याचं झाकण लावत होते. मी म्हणाले, "आले होते की. शांत होते." दोन आठवड्यांत खोकला गेला. औषध गेलं नाही. एके दिवशी त्याने विचारलं, "ताई, बाबांनी सोडली का गं?" आणि मी म्हणाले, "सोडलीय बहुतेक." तो दुपारी बाबांना भेटायचाच नाही, सकाळी ते झोपलेले असायचे, त्याच्याजवळ पुरावा म्हणून माझा शब्द होता आणि त्याची स्वतःची झोप. बाटली संपत आली की आई नवी आणून फळीवर ठेवायची. मी तिला कधी आण म्हटलं नाही. इतकी का लागते, असं तिनेही कधी विचारलं नाही. आम्ही दोघी त्या फळीसमोरून येत-जात होतो.

परीक्षा झाली, निकाल लागला, मी दुसऱ्या गावी वसतिगृहात गेले. पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं: बारक्याला बरं नाही. घाम सुटतो, पोट बिघडलंय, पाय झाडतो, झोपतच नाही, तुझ्या नावाने रडतो. मला वाटलं, आठवण येत असेल. मला खरंच तसं वाटलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्राच्या पुस्तकात एक तक्ता होता. त्यात कोडीन होतं, ते अफूच्या कुळातलं आहे असं लिहिलं होतं, कुठल्या कुठल्या औषधांत घालतात ते होतं, आणि ते एकदम बंद केलं तर काय होतं त्याची यादी होती. घाम, पोट, पाय झाडणं, निद्रानाश. आईच्या पत्रातले सगळे शब्द ओळीने, फक्त 'तुझ्या नावाने रडतो' तेवढं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि जेवायला गेले. पोटभर जेवले. हे मला आठवतं, कारण नंतर पुष्कळ वर्षं मी यावर विचार केला आहे की मी कशी जेवले.

लोक मला विचारतात, तुम्ही या विषयाकडे कशा वळलात. मी म्हणते, शिष्यवृत्ती होती. काही वर्षांपूर्वी मी एक प्रयोग मागून घेतला. कोवळ्या वयातल्या उंदरांना काही आठवडे ते द्रव्य द्यायचं, मग थांबवायचं, मोठे होऊ द्यायचं, आणि मग त्यांच्यापुढे दोन बाटल्या ठेवायच्या. प्रस्तावात हेतू म्हणून मी जे लिहिलं होतं ते बरोबर होतं, फक्त ते माझं कारण नव्हतं. पहिल्या फेरीत दोन गटांत लक्षणीय फरक आला नाही. आमचे प्रमुख हिरमुसले. मी स्वच्छतागृहात गेले, कडी लावली आणि तोंडावर हात दाबून रडले, इतकी मी सुटले होते. दुसऱ्या फेरीत फरक आला. तिसरीत आला, पण थोडा. काही उंदीर त्या बाटलीकडे फिरकलेही नाहीत. काही तिथून हललेच नाहीत. दोघांना सारखंच दिलं होतं, एकाच हाताने, एकाच वेळी. आम्ही छापताना लिहिलं: अधिक अभ्यासाची गरज आहे. ते आम्ही नेहमीच लिहितो.

"ताई," समुपदेशक म्हणाले, "तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सगळ्यांत कोरा रंग तुमचाच."

"शास्त्रज्ञ आहे ती," भाऊ म्हणाला. "पुरावा मिळाल्याशिवाय सही करत नाही. मला बहीण हवी होती, तपासनीस मिळाली."

"तुझं काय ते," भावजय त्याला म्हणाली. "ताईंनीच आणलंय तुला इथे दोन्ही वेळा. जीभ सांभाळ."

मी त्याच्या आठव्या वर्षाकडे बघत होते. शेजारच्या, नवव्या वर्षाखाली त्याने लिहिलं होतं, 'ताई गेली. बाबांची परत सुरू.' दोन वाक्यांच्या मध्ये त्याने एक बारीक बाण काढला होता.

"हा बाण कसला?" मी विचारलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"अगं तो," तो थोडा लाजला. "लहानपणी वाटायचं मला. तू गेलीस म्हणून त्यांनी परत सुरू केली. तू असताना घाबरून असायचे तुला, असं काहीतरी. वेडेपणा. राहू दे." आणि मग समुपदेशकांना, "सर, तो फॉर्म द्या. दुपारची गाडी मिळेल."

समुपदेशकांनी ग्लास बाजूला केला आणि घरी जायचा फॉर्म उचलला. त्यावर पाण्याचा गोल उमटला होता. ते घाई करत नव्हते. मला वाटतं ते मुद्दाम करत नव्हते. माझ्या डोक्यात दोन्ही बाजू मांडलेल्या होत्या, एखाद्या तक्त्यासारख्या. बोलले नाही तर तो जाईल, एका न झालेल्या वर्षाच्या भरवशावर जाईल, आणि पाचव्या दिवशी कुठल्यातरी लिफ्टच्या टपावर असेल. बोलले तर त्याच्या छत्तीस विती कागदावर एकही चांगलं वर्ष उरणार नाही, आणि शिवाय त्याला एक नवीन कारण मिळेल, सगळ्या कारणांत धडधाकट, ज्याला नाव आहे, चेहरा आहे, जे सणसणीत शिवी देऊन म्हणता येतं. मी हजारदा स्वतःला सांगितलं होतं की एका औषधाने माणूस पिणारा होत नाही, तसं सिद्ध करता येत नाही. ते खरंच आहे. पण मला जे सिद्ध करता येत नव्हतं तो वेगळा प्रश्न होता. ते वर्ष खोटं आहे हे मला सिद्ध करायची गरजच नव्हती. मी तिथे होते.

"हे चुकीचं आहे," मी म्हणाले.

"काय चुकीचं?"

"आठवं वर्ष. बाबांनी सोडली नव्हती."

भाऊ हसला. "तूच तर सांगितलंस तेव्हा."

"मी खोटं सांगितलं. ते रोज पिऊन यायचे. रोज भाषण व्हायचं. तुला ऐकू येत नव्हतं, कारण मी तुला औषध द्यायचे. ते खोकल्याचं. खोकला गेल्यावरही. त्यात झोप यायचं द्रव्य असतं, अफूच्या कुळातलं. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. झोप येते एवढं माहीत होतं."

"अगं, काय बोलतेस तू!" आई एकदम म्हणाली. "साधं खोकल्याचं औषध होतं ते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं. सगळी घरं देतात पोरांना. हिला ना, शिकल्यापासून प्रत्येक गोष्टीत विष दिसतं."

"आई, तू जरा थांब," भाऊ म्हणाला. त्याने आईकडे बघितलं नाही. त्याचा हात आठव्या वर्षावरच होता, वाकडी बोटं कागदावर पसरलेली. "रोज?"

"रोज."

"आणि बाबा?"

"तेही रोज."

"किती नंबरपर्यंत?"

"दहाच्या पुढेसुद्धा. बऱ्याचदा."

पंखा चालू होता. भावजयीच्या हातातून कागदाचं टोक सुटलं होतं आणि ते टेबलाच्या पायावर फटफट आपटत होतं. कोणी ते धरायला गेलं नाही. मला अपेक्षा होती की तो ओरडेल. मी त्याची तयारी केली होती, पाय जमिनीवर घट्ट रोवून बसले होते. तो फक्त निळ्या अक्षरांकडे बघत राहिला, जसं एखाद्या यंत्राकडे बघतात, कुठे अडकलंय ते शोधत.

"म्हणजे मी झोपलेलो होतो," तो शेवटी म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मग लिही की. हिरवं पेन कशाला धरलंयस? खोडू नकोस, खोडायचं नसतं. खाली लिही."

मी टोपण काढलं. त्याच्या अक्षरांच्या खाली मी लिहिलं, आणि जसं मला लिहायची सवय आहे तसंच लिहिलं: 'खोकल्याचं औषध. नऊ महिने. रोज रात्री दोन चमचे, कधी तीन. देणारी: बहीण.' अक्षर स्वच्छ आलं. मी पेन खाली ठेवलं.

त्याने मान वाकडी करून वाचलं. "तीन कधी?" त्याने विचारलं.

समुपदेशकांनीही माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. ज्या दिवशी बाबांचा आवाज जास्त असायचा त्या दिवशी. तू घाबरू नयेस म्हणून. हे उत्तर मी अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलं होतं, इतकं की त्याला वास यायचा, स्पर्श यायचा, मला खरोखर ते दिवस आठवायचे. ते ऐकून तो कदाचित माझा हात धरणार होता. भावजय रडणार होती. पण ते प्रमाण बाबांच्या आवाजावर ठरत नव्हतं, हे मला माहीत होतं. ते माझ्या वहीतल्या तारखांवर ठरत होतं. बाबा कसे येतील ते मला आधी कुठे कळत होतं? औषध तर मी साडेसातलाच द्यायचे.

"दुसऱ्या दिवशी पेपर असला की," मी म्हणाले.

आईने पदर तोंडाशी धरला. भाऊ माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निदान मला ओळखू येईल असा नव्हता. अनेक वर्षांनी एखादा माणूस नीट दिसल्यावर होतो तसा तो चेहरा होता.

"मार्क किती पडले?" त्याने विचारलं.

"कशात?"

"सगळ्यांत जास्त कशात पडले त्यात."

"रसायनशास्त्रात. सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव," तो म्हणाला. तो हसेल असं वाटलं, पण त्याने फक्त मान डोलावली, दुकानात भाव ऐकून डोलवतात तशी. मग तो उठला, खिडकीपाशी गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. शर्टाच्या पाठीवर घामाचा डाग पसरला होता. समुपदेशकांच्या हातात तो घरी जायचा फॉर्म तसाच होता. त्यांनी तो पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आता यापुढे ती मला 'ताई' म्हणेल तेव्हा त्यात काहीतरी कमी असेल, हे मला त्याच क्षणी कळलं. मी माझे ठोके मोजायला गेले तर मला नाडीच सापडेना.

"ताई," तो खिडकीतून न वळता म्हणाला.

"हं."

"पुढच्या गुरुवारी तू येऊ नकोस. या दोघी येतील. त्याच्या पुढच्यालाही नको. मी सांगेन तेव्हा ये."

समुपदेशकांनी हातातला कागद खाली ठेवला आणि दोन महिने राहण्याचा उचलला. भावजयीला आधी कळलं. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिने तो दाबला. मला एक क्षण जास्त लागला. मग मी पर्स उचलली, हिरवं पेन टेबलावर सरळ करून ठेवलं, आणि म्हणाले, "बरं."